कमरेचा कोयता, गळ्यातला चाकू



शस्त्रांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. तलवार, पट्टा, भाला, कट्यार, वाघनख ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात, आणि संग्रहालयांत या वस्तूंना काचेची कपाटे मिळालेली आहेत. परंतु ज्या काळात एखाद्या शिलेदाराच्या कमरेला तलवार होती, त्याच काळात शेकडो सामान्य माणसांच्या कमरेला, गळ्यात किंवा चंचीत वीतभर लांबीचे एक साधे पाते होते, आणि त्यांचा रोजचा दिवस त्या पात्यावर चालत होता. तलवार वर्षातून चार दिवस म्यानाबाहेर येई. हे पाते दिवसातून पन्नास वेळा बाहेर येई. बखरकारांनी त्याची दखल घेतली नाही, आणि त्यांना दोष देण्याचेही कारण नाही. रोजची वस्तू कोणी लिहून ठेवत नाही. मात्र ती नाहीशी होऊ लागली म्हणजे तिचा इतिहास सांगण्याची वेळ येते.

आज मी आपल्यापुढे अशा अंगावर वागवायच्या पात्यांचा इतिहास मांडणार आहे, आणि त्यासाठी एकच किनारा निवडणार आहे: उरण परिसरातील न्हावा आणि शेवा या गावांचा. तेथील पाती काही जगावेगळी नव्हती. परंतु थोड्या जागेत इतक्या निरनिराळ्या धंद्यांची पाती एकत्र नांदली, आणि कायद्याने, सत्याग्रहाने व बंदराने त्यांच्यावर इतके आघात केले, की एका प्रदेशावरून सगळ्या प्रश्नाचे रूप लक्षात यावे. तो प्रश्न असा की, एकच लोखंडी पाते औजार केव्हा असते आणि हत्यार केव्हा ठरते? आणि हे ठरवते कोण?

प्रथम त्या भूमीकडे पाहू. मुंबई बंदराच्या पूर्वेस घारापुरीचे बेट आहे. त्याच्या पलीकडे, पनवेलच्या खाडीच्या मुखाशी, न्हावा आणि शेवा ही गावे. पूर्वी हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. समुद्राच्या बाजूला चिखलाचे तट आणि कांदळवन, त्याच्या आत मिठागरे, त्याच्या आत खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली भातशेते, आणि पूर्वेकडे चिरनेरच्या बाजूला डोंगर व जंगल. काही कोसांच्या या पट्ट्यात कोळी समुद्रावर जगत, आगरी भात आणि मीठ पिकवीत, भंडारी माडांवर चढत, आणि डोंगरात कातकरी राहत. उरणच्या पेठेत व्यापारी होते आणि कचेरीत कारकून होते. प्रत्येकाजवळ पाते होते आणि प्रत्येकाचे पाते वेगळे होते. माणसाच्या जवळचे पाते पाहावे आणि त्याचा धंदा सांगावा, इतकी ही ओळख पक्की होती.

कोळ्याचा चाकू घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्णनांत मुंबई परिसरातील सोनकोळ्याचा पोशाख दिलेला आढळतो. कमरेला त्रिकोणी रुमाल, डोक्याला टोपी, आणि गळ्यात दोऱ्याला अडकवलेला मिटता चाकू. कधी त्याच दोऱ्याला घराची किल्लीही. परक्या पाहुण्यांना हा दागिन्याचा प्रकार वाटला. वास्तविक त्यात दागिन्याचा भाग थोडा होता. रुमाल नेसणाऱ्याला खिसा नसतो. होडीत दोन्ही हात दोरावर असतात आणि पाय ओल्या फळीवर असतात. अशा माणसाला लागणारे पाते हात नेताच सापडले पाहिजे, पाण्यात पडता कामा नये, आणि तोल गेला तर स्वतःच्या अंगात शिरता कामा नये. गळ्यातला मिटता चाकू या तिन्ही अटी पुऱ्या करतो. खिशाचा चाकू म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो येथे खिसा येण्यापूर्वीच आला होता.

या चाकूची कामे मोजू लागलो तर यादी संपत नाही. जाळे फाटले की सुताचे टोक तोडायचे, नवा दोर विणताना पीळ कापायचा, आमिषाचे तुकडे करायचे, घोळ किंवा वाम यांसारखा मोठा मासा चिरून खारवण्याजोगा करायचा. घोळीच्या पोटातले भोत अलगद काढायचे, कारण ते वाळवून चांगल्या भावाने विकले जाई. बोंबलाला मात्र चाकू लागत नाही. त्याचे जबडे एकमेकांत अडकवून तो वलांडीवर वाळत घालतात. म्हणजे कोणत्या माशाला पाते लावायचे आणि कोणत्याला नाही, याचेही एक शास्त्र होते. पण चाकूचे खरे मोल या रोजच्या कामांत कळत नसे. ते कळे डोलीवर. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत खुंटांना बांधून लावलेले पिशवीसारखे मोठे जाळे. उधाणाच्या दिवशी ओढ वाढली आणि दोर होडीला अडकला, तर जाळे होडीला खाली खेचते. तेव्हा दोर सोडवण्याइतका वेळ नसतो. तो कापावाच लागतो. जाळे गेले म्हणजे हंगामाची कमाई गेली, पण माणसे घरी येतात. गळ्यातल्या चाकूचे हे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. ते रोज येत नाही, पण ते येईल म्हणूनच चाकू रोज गळ्यात असतो.

समुद्रावरून वाडीत यावे, तर माडीच्या धंद्यातला कोयता भेटतो. भंडारी माडावर चढे तेव्हा त्याचे दोन्ही हात खोडाला लागत. म्हणून कमरेच्या दोरीला मागच्या बाजूस लाकडी आकडा बांधलेला असे आणि त्यात कोयता अडकवलेला असे. वर गेल्यावर माडाच्या पोयीचे टोक सकाळी आणि संध्याकाळी कागदासारखे पातळ तासायचे. काप जाड झाला तर पोय लवकर संपते. पाते बोथट असेल तर पोय चिरडते आणि रस आटतो. म्हणून माडीच्या कोयत्याची धार न्हाव्याच्या वस्तऱ्याशी स्पर्धा करी. आडदांड कोयता आणि नाजूक काम असे हे दृश्य आहे. कोयता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घाव येतो; माडावरच्या माणसापुढे एक पातळ पापुद्रा येत असे.

आगऱ्याजवळ दोन पाती. कापणीला दातेरी विळा आणि इतर दिवसांत कोयता. या दुसऱ्या पात्याचे सर्वांत मोठे काम राबाचे. शहरातील श्रोत्यांसाठी राब म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. कोकणात भाताचे रोप ज्या वाफ्यात करायचे, तो वाफा पावसाळ्यापूर्वी भाजून काढतात. त्यावर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचतात आणि वाऱ्याची दिशा पाहून पेटवतात. तणाचे बी जळते, राख खत होते आणि रोप जोमाने येते. यासाठी हिवाळ्यात जंगलात जाऊन ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटाव्या लागत. झाड मारायचे नसे. पुढच्या वर्षी त्यालाच पुन्हा टहाळ फुटायला हवे. म्हणजे शेतकऱ्याची ताटातली भाकरी डोंगरावरच्या कोयत्यावर अवलंबून होती. आणि जो कातकरी त्या डोंगरातच राहत होता, त्याचे तर नावच कोयत्याशी बांधलेले. खैराचे लाकूड तासून, त्याच्या ढलप्या उकळून जो कात काढतात, त्या कातावरून ही जमात ओळखली गेली. मध काढणे, बांबू तोडणे, कंद खणणे, लाकूडफाटा गोळा करणे, सारे त्याच एका पात्याने.

आता पेठेत आणि कचेरीत या. कारकुनाचा चाकू सर्वांत लहान, पण त्याच्याशिवाय राज्य चालत नसे. मोडी लिहायची ती बोरूने. बोरू म्हणजे वेताच्या जातीची काडी. ती तासायची, मध्ये चीर द्यायची आणि टोक तिरपे कापायचे. दिवसभरात टोक झिजे, मग पुन्हा तासायचे. ज्याला बोरू तासता येत नाही त्याचे अक्षर सुधारत नाही, अशी पंतोजींची समजूत होती आणि ती खोटी नव्हती. या चाकूला फारसीवरून कलमतराश म्हणत. इंग्रजीतही या चाकूचे नाव लेखणीवरूनच पडले, कारण तेथे पिसाची लेखणी तासावी लागे. दोन्ही खंडांत खिशातल्या चाकूला प्रतिष्ठा दिली ती लेखकाने, ही गोष्ट आपल्यासारख्या व्याख्यान ऐकणाऱ्या मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे पोलादी टाक आले, मग झरण्या आल्या, आणि चाकू पेन्सिलीपुरता उरला. शेफील्डच्या रॉजर्स कंपनीचे चाकू हिंदुस्थानात येऊ लागले तेव्हा ते बाळगणे ही ऐट झाली. आणि चंचीतला अडकित्ता? त्याला कोणी पाते म्हणत नाही, पण तोही अंगावर वागवायचाच. त्याचे नाव कानडी वळणाचे आहे. कानडीत अडके म्हणजे सुपारी आणि कत्तरी म्हणजे कात्री. चाकू हा शब्द तुर्की-फारसी घराण्यातला, सुरी संस्कृत छुरिकेची. शब्दांच्या या वंशावळी पाहिल्या तर आपल्या कमरेला किती देशांचे लोखंड लटकत होते ते कळते.

ही सारी पाती गावच्या लोहाराकडे होत. गाडीच्या चाकाची जुनी धाव, पुढे मोटारींचे युग आल्यावर मालमोटारीच्या कमानीचा पाटा, यांतून कोयता घडे. लोखंड तापवून, ठोकून, पाणी देऊन धार टिकवण्याची कला त्या लोहाराची. धार काढण्याचा धंदा शिकलगाराचा. आणि या पात्याला घरात मान होता. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंडी पाते ठेवीत. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार किंवा सुरी देत. या चालींमागची श्रद्धा आपण मानू वा न मानू, त्यांतून एवढे दिसते की पात्याची भीती घरच्यांना नव्हती. ज्याने रोज पोट भरते ते पाते राखणदारही वाटत होते.

भीती होती ती सरकारला. आणि येथून या इतिहासाला गंभीर वळण लागते.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करण्याचे धोरण धरले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यास बंदी झाली; शस्त्र या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, कट्यार, भाला आणि धनुष्यबाणही आले. गोऱ्यांना सवलत आणि हिंदी माणसाला बंदी, हा त्यातला अपमान राष्ट्रसभेला पुढे अनेक वर्षे सलत राहिला. आपल्या इतिहासग्रंथांत या कायद्याची चर्चा भरपूर आहे. परंतु त्याच १८७८ साली आणखी दोन कायदे झाले, आणि कोयत्याच्या दृष्टीने ते शस्त्रांच्या कायद्याहून भारी पडले. एक मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा. दुसरा हिंदुस्थानचा जंगल कायदा.

शस्त्रांच्या कायद्याने शेतकऱ्याचा कोयता जप्त केला नाही. अबकारी कायद्याने माडीसाठी परवाना आणि झाडामागे कर असा जाच आणला. उरण हे त्या काळी मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचे मोठे केंद्र होते. मुंबईला तेथून दारू जाई. भट्टीवर पहारा ठेवणे सरकारला सोपे होते. हजारो झाडांवर चढणारी माणसे मोजणे अवघड होते. म्हणून झाडावरचा कर चढत गेला, आणि भंडाऱ्याच्या कमरेचा कोयता त्याच्याजवळ राहूनही त्याचे काम परवान्याचे झाले. जंगल कायद्याने डोंगरावर सरकारी रेघ ओढली. रेघेच्या आत ऐनाची फांदी तोडणे हा गुन्हा ठरला. ठाणे-कुलाब्यात यावरून इतका असंतोष माजला की १८८५ साली सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. राबाचा प्रश्न हा त्याच्यापुढचा एक मुख्य प्रश्न होता.

या तीन कायद्यांचा एकत्र विचार केला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या कायद्याने विचारले, तुझ्या हातात काय आहे? उरलेल्या दोघांनी विचारले, तू त्याने काय कापतोस? सामान्य माणसाला दुसरा प्रश्न अधिक बोचला. पाते जवळ असावे, पण त्याने काही करू नये, ही अवस्था पाते काढून घेण्याहून बरी नसते.

या अवस्थेचा स्फोट १९३० साली झाला. मिठाचा सत्याग्रह सर्वांना माहीत आहे. परंतु ज्या जिल्ह्यांना समुद्र नाही, किंवा ज्यांचे दुःख मिठाहून जंगलाचे होते, तेथे जंगल सत्याग्रह झाला. वऱ्हाडात पुसद येथे लोकनायक अणे यांनी त्या जुलै महिन्यात राखीव रानातले गवत कापून कायदा मोडला. मिठाच्या सत्याग्रहाला भांडे पुरते. जंगलाच्या सत्याग्रहाला विळा किंवा कोयता लागतो. हा फरक लहान वाटतो, पण अहिंसेच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. हातात धारदार पाते आणि मनात शांतता, अशी ही परीक्षा होती.

न्हावा-शेव्यापासून काही कोसांवर, चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर, २५ सप्टेंबर १९३० रोजी ती परीक्षा झाली. आसपासच्या गावांतून आगरी, कोळी, कातकरी आणि इतर जातींची माणसे जमली. बरोबर कोयते होते, कुऱ्हाडी होत्या. झाड तोडून कायदा मोडायचा तर ते हवेतच. समोर बंदुकधारी पोलीस होते. गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यांत चिरनेरचा नाग्या महादू कातकरी होता. त्या गदारोळात मामलेदार केशव महादेव जोशी यांच्यासह सरकारी बाजूचीही माणसे प्राणास मुकली. पुढे खटला झाला, धरपकड झाली, गावे दहशतीखाली गेली. चिरनेरला आज हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि दर २५ सप्टेंबरला तेथे मानवंदना दिली जाते.

या प्रसंगाचा विचार करताना मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या दिवशी सकाळी घरून निघालेल्या माणसाच्या हातातला कोयता कोणी खास करून घेतलेला नव्हता. तोच कोयता आदल्या आठवड्यात काटक्या तोडत होता. सत्याग्रह्याच्या दृष्टीने ते त्याच्या हक्काचे प्रतीक होते. बंदूक रोखून उभ्या असलेल्या शिपायाच्या दृष्टीने ते जमावाचे शस्त्र होते. लोखंड एकच. पाहणाऱ्याच्या भयाने त्याचे नाव बदलले. सत्तेला लोकांच्या कामाची ओळख नसली म्हणजे तिला प्रत्येक पात्यात बंडाची चकाकी दिसते, हा चिरनेरचा एक धडा आहे. दुसरा धडाही तितकाच खरा आहे: हातात पाते असलेल्या समुदायाने शांत राहणे कठीण असते, आणि रक्त एकदा सांडले की ते दोन्ही बाजूंचे असते. हुतात्म्यांचे स्मरण करताना हे सांगितले तर त्यांच्या मोठेपणाला बाध येत नाही.

याच जिल्ह्यात त्यानंतर तीनच वर्षांनी पात्याचा आणखी एक उपयोग लोकांनी दाखवला, तो म्हणजे पाते न चालवण्याचा. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. शेत करायचे नाही, असे ठरले आणि हा संप १९३९ पर्यंत, सुमारे सहा वर्षे चालला. या काळात विळा भाताला लागला नाही. माणसांनी रानातला लाकूडफाटा विकला, खाडीतले मासे धरले, हाल सोसले. संपाच्या अखेरीस कूळकायद्याची वाट मोकळी झाली. कोयता उचलून जे चिरनेरला मागितले गेले, तेच विळा खुंटीला टांगून चरीला मागितले गेले: आपल्या श्रमावर आपला हक्क.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची भाषा बदलली, आणि ती बदलली याची नोंद केली पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात, केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू, लाठी, साधी हातकाठी ही शस्त्रे नव्हेत, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याखालच्या १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे परवान्याच्या यादीत आली. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा उद्योगाच्या कामासाठी असलेली पाती वगळली गेली. म्हणजे कायद्याने लांबी-रुंदी मोजली खरी, पण शेवटचा निकाल कामावर सोपवला. हे शहाणपण आहे. अर्थात १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाने अशांततेच्या काळात सुरे, काठ्या किंवा इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यास मनाई करता येते. दोन्ही तरतुदी आवश्यकच आहेत. परंतु त्यांच्यामध्ये जी जागा आहे, तेथे पोलिसाला माणसाचा धंदा ओळखता आला पाहिजे.

इतर देशांतही हा प्रश्न आला. स्वित्झर्लंडने १८९१ साली आपल्या शिपायांना मिटता चाकू दिला. त्यात पात्याबरोबर डबा उघडण्याचे आणि पेच फिरवण्याचे साधन होते. लष्करानेच शिपायाच्या खिशात औजार ठेवले. जपानमध्ये शाळकरी मुले पेन्सिल तासायला हिगोनोकामी नावाचा साधा मिटता चाकू वापरीत. १९६० साली तोक्योत एका सतरा वर्षांच्या मुलाने समाजवादी नेते असानुमा यांचा व्यासपीठावरच आखूड तलवारीने खून केला. त्यानंतर मुलांच्या हाती पाते नको, अशी मोहीम देशभर झाली. खून झाला तलवारीने, आणि गेला पेन्सिलीचा चाकू. तो घडवणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. भयाला अनेकदा नेमके लक्ष्य सापडत नाही. ते हाताशी असलेल्या निरुपद्रवी वस्तूवर पडते.

आमच्या किनाऱ्यावर मात्र पाते नाहीसे झाले ते बंदीने नव्हे. ते नाहीसे झाले काम गेल्यामुळे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी जमिनी घेण्यास आरंभ झाला. पुढे न्हावा-शेवा बंदराची आखणी झाली. भावाच्या प्रश्नावरून शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान आणि पागोटे येथे गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याचे तत्त्व पुढे आले. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. शेवा कोळीवाडा उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसला. तेथील घरे वाळवीने पोखरली आणि पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा असा सुमारे २२ किलोमीटरचा सागरी सेतूही खुला झाला.

बंदराने देशाचा व्यापार वाढवला, हे कोणी नाकारणार नाही. प्रश्न एवढाच की त्या बंदरात गळ्यातल्या चाकूला काय काम उरले? जुन्या गोदीत गोणीची सुतळी कापायला तरी तो लागे. येथे माल पोलादी पेटीत बंद होऊन येतो आणि तसाच जातो. राब भाजण्याची शेते भरावाखाली गेली. खाडीत डोल लावायच्या जागा जहाजांच्या वाटेत आल्या. पाते कोणी काढून घेतले नाही. ते ज्यावर चालत होते ते काढून घेतले गेले. १८७८ मध्ये जे कायद्याने अर्धे झाले, ते शंभर वर्षांनी विकासाने पुरे केले, असे म्हटले तर कडू लागेल. पण खोटे ठरणार नाही.

याचा परिणाम आपल्या भाषेवरही झाला आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे देतो. येथे कोयता म्हणजे दोन माणसांचे हंगामभराचे कष्ट. आणि त्याच महाराष्ट्रात, पुण्यासारख्या शहरात, अलीकडच्या वर्षांत वर्तमानपत्रांतून 'कोयता गँग' हा शब्द रूढ झाला. शहरातल्या वाचकाला कोयता आता एवढ्याच अर्थाने भेटतो. ज्या समाजात पात्याने काम करणारी माणसे डोळ्यांसमोर असतात, तेथे शंभर कामांत एक गुन्हा दिसतो. ती माणसे डोळ्यांआड झाली की गुन्हाच उरतो. मग मुलालाही पाते हाताळायला कोणी शिकवीत नाही. धार कोणत्या दिशेने धरावी, दुसऱ्याच्या हाती चाकू देताना मूठ त्याच्याकडे कशी करावी, काम झाले की पाते पुसून कसे मिटावे, हे शिक्षण पूर्वी बापाकडून मिळे. हा केवळ कौशल्याचा भाग नव्हता. हाती आलेली शक्ती कशी आवरावी, याचा तो पहिला पाठ होता.

तेव्हा करायचे काय? जुने दिवस परत आणा, असे मी म्हणणार नाही. गळ्यात चाकू अडकवल्याने डोलीच्या जागा परत येत नाहीत. पण दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. उरण, पनवेल, अलिबाग येथे अजून अशी वृद्ध माणसे आहेत की ज्यांनी माडावर कोयता चालवला, राबाचे टहाळ तोडले, उधाणात दोर कापला. त्यांच्याकडून पात्यांची नावे, त्यांची कामे, धार लावण्याच्या रीती लिहून घेतल्या पाहिजेत, आणि आपल्या संग्रहालयांत तलवारीशेजारी एखादे कपाट त्या कोयत्याला व चाकूला दिले पाहिजे. दुसरी गोष्ट न्यायाची. एखाद्या माणसाच्या कमरेला पाते दिसले तर तो काय कापतो, हे आधी विचारण्याची सवय शासनाने आणि आपण नागरिकांनीही लावून घेतली पाहिजे. त्याचे उत्तर जर 'आता कापायला काही उरले नाही' असे आले, तर चौकशी त्या पात्याची करायची नसून, त्याचे काम कोणी नेले आणि बदल्यात त्याला काय दिले, याची करायची आहे.